टेबलावरचा अकीक

स्मरणिकेसाठी लेख हवा, विषय वैद्यकीय नसला तर अधिक बरे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मला हायसे वाटले. गेली पस्तीस-सदतीस वर्षे मी दगड गोळा करीत आहे. मूत्रपिंडातील किंवा पित्ताशयातील नव्हेत. ते आपले सर्जन मित्र बाटलीत घालून रोग्याच्या हाती देतात. माझे दगड जमिनीच्या पोटातले. आमच्या घरी या छंदाला ‘अडगळ’ हा सुटसुटीत मराठी शब्द रूढ आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या अडगळीला दरवर्षी जीवदान मिळवावे लागते. तेव्हा छंद म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे. तो दवाखान्याबाहेर राहील याची मात्र हमी देत नाही, कारण हा छंद एकदा माझ्या दवाखान्यात शिरलेला आहे.

माझ्या पाहण्यातला पहिला संग्रह आजीचा होता. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरी देवघरात पंचायतन होते. शंकराचा बाण नर्मदेचा, विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबूस शोणभद्र शोण नदीचा, शिवाय देवीची सुवर्णमुखी शिळा आणि सूर्याचा स्फटिक. लहानपणी मला हे पाच ‘गोटे’ देवांपेक्षा दगड म्हणूनच अधिक आवडत. एक गुळगुळीत, एक काळाकुळकुळीत आणि आत चक्र असलेला, एक उजेडात धरला की आरपार दिसणारा. आज भूशास्त्राची चार पुस्तके वाचल्यावर सांगता येते की, शाळिग्राम म्हणजे हिमालय जेथे उभा आहे तेथील प्राचीन समुद्रात राहणाऱ्या अॅमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा जीवाश्म, आणि नर्मदेचे बाण बहुधा गारेच्या कुळातले. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. परंतु पाचांपैकी प्रत्येक दगड कोणत्या नदीचा आणि तो घरात कोणी आणला, हे ती न अडखळता सांगे. बाण तिच्या सासऱ्यांनी चांदोदला नर्मदास्नान करून आणला होता. पुढे कळले की खनिजसंग्राहकांचा पहिला नियम नेमका हाच आहे. दगड कितीही देखणा असो, तो कोठला हे सांगणारी चिठ्ठी त्याच्यासोबत नसेल तर जाणकार त्याला हात लावीत नाही.

माझा स्वतःचा संग्रह सुरू झाला पुण्यात, शिक्षणाच्या काळात. वसतिगृहातील एक सहाध्यायी नगर रस्त्याकडचा. त्याच्या गावाजवळ खडीच्या खाणी होत्या. एका रविवारी तो मला तेथे घेऊन गेला. सुरुंग लावून फोडलेल्या काळ्या कातळाच्या एका ढेकळात मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्या आत फिकट गुलाबी रंगाच्या, गवताची पेंढी मध्यावर बांधावी तशा आकाराच्या स्फटिकांची आरास होती. खाणीवरच्या मजुराने ते ढेकूळ मला चहाच्या पैशांत दिले. ‘हे खडीत जातं, साहेब. यंत्रात घातलं की पीठ,’ तो म्हणाला. तो स्टिल्बाइट होता, हे समजावयास मला सहा महिने लागले. कारण तेव्हा विचारावयाचे कोणाला, हाच प्रश्न होता.

महाराष्ट्र आणि आपला गुजरातचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर बसलेला आहे त्याला शास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द सापळ्यावरून आलेला नाही. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचे कडे दुरून पाहिले की ते नाव किती चपखल आहे हे पटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंडावला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचत गेले. आज शिल्लक असलेले क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. बडोदेकरांना हा इतिहास वाचण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पावागड ही त्याच लाव्ह्याची रास. देवीच्या दर्शनाला जाताना आपण ज्या कड्यांखालून चढतो त्यांत माथ्याकडे ऱ्हायोलाइट नावाचा फिकट खडक आहे, तो बेसाल्टपेक्षा वेगळा. रोपवेत बसून वर जाणाऱ्यांना तो दिसत नाही, ही गोष्ट निराळी.

या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. भाकरी भाजताना पोपडा फुगावा तशा पोकळ्या झाल्या. पुढे लक्षावधी वर्षे खडकातून कोमट-गरम पाणी झिरपले. त्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम विरघळवून पोकळीत आणले आणि तेथे सावकाश स्फटिक वाढले. बहुधा आधी कॅल्सेडनीचे अस्तर, मग हुलँडाइट, स्टिल्बाइट, त्यावर अॅपोफिलाइटचे काचेसारखे घन आणि शेवटी कॅल्साइट. वाढण्यास मोकळी जागा मिळाली म्हणूनच त्यांना कडा आणि पैलू आले. आपल्या मराठीत ‘गार’, ‘गारगोटी’, ‘स्फटिक’ असे शब्द आहेत, पण या सर्व मंडळींना वेगळी नावे नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सारी गारच. नांगराला लागली की बांधावर फेकावयाची.

यांतील मोठ्या कुळाला झिओलाइट म्हणतात. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने फुंकनळीच्या ज्योतीत एक खडा तापवला तेव्हा त्यातून पाणी उकळल्यासारखे फसफसून बाहेर पडले, म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव. त्यांतलाच एक स्कोलेसाइट, पांढऱ्या सुयांचा झुबका. त्याला तापवले की तो किड्यासारखा वळवळतो, म्हणून स्कोलेक्स म्हणजे किडा यावरून नाव पडले. टेपवर्मचे ‘स्कोलेक्स’ घोकलेल्या आपल्या पिढीला हे नाव विसरणे शक्य नाही. मी तरी एकदा ऐकून कायमचे लक्षात ठेवले.

सह्याद्रीतील या संपत्तीची जगाला पहिली मोठी ओळख झाली ती बोरघाटात. १८६३ साली खुला झालेला खंडाळ्याचा रेल्वेमार्ग खोदताना बोगद्यांतून आणि कापलेल्या कड्यांतून अशा पोकळ्यांमागून पोकळ्या उघडल्या आणि त्यांतले नमुने युरोपातील संग्रहालयांत पोचले. त्यानंतरची शंभर वर्षे आपण मात्र खडी फोडीत राहिलो. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या परिसरातील खाणीत मिळालेला पॉवेलाइट, जळगावकडचा अॅपोफिलाइट, कापसाच्या बोंडासारखा दिसणारा ओकेनाइट या नावांनी परदेशी संग्राहकांच्या तोंडाला पाणी सुटते. पण सर्वांत मोठा चमत्कार वाघोलीचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘कॅव्हनसाइट’ हे नाव तयार झाले. हे खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात प्रथम सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तेथील नमुने बारीक आणि दुर्मीळ. काही वर्षांनी पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तेच खनिज निघाले, आणि असे की पांढऱ्या स्टिल्बाइटवर गडद निळ्या फुलांचे गेंद ठेवावेत. त्या निळ्या रंगाला उपमा नाही. आज जगातील कोणत्याही चांगल्या संग्रहातील कॅव्हनसाइट वाघोलीचा असतो. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. तेथे आता इमारती दिसतात. मला एका दलालाने त्या काळी तीनशे रुपयांत असा एक तुकडा देऊ केला होता. महिन्याची मेस भरावयाची होती, म्हणून मी नाही म्हटले. ते तीनशे रुपये मला आजही सलतात.

हा सारा व्यापार चालतो कसा, असे पुष्कळजण विचारतात. खाणीवर सुरुंग उडाला की मुकादमाची आणि मजुरांची नजर पोकळीवर असते. तुकडा सावधपणे सोडवून, कागदात किंवा भुशात गुंडाळून तो पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर येथील व्यापाऱ्यांकडे जातो. तेथून अमेरिकेत अॅरिझोनातील टूसॉन येथे, जेथे १९५५ पासून दरवर्षी खनिजांचा मेळा भरतो, किंवा जर्मनीतील म्यूनिकच्या प्रदर्शनात. आपल्याकडे सामान्य माणसाला हे वैभव पाहावयाचे असेल तर नाशिक-शिर्डी रस्त्यावर सिन्नरजवळ के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. ते २००१ मध्ये सुरू झाले. शिर्डीला जाणाऱ्या बडोदेकरांच्या गाड्या त्याच्या दारावरून जातात. त्यांतल्या निम्म्यांनी तरी तासभर थांबावे.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. गर्द जांभळा, गुलाबी किंवा मोरपंखी ओकेनाइट कोणी दाखवला तर तो रंगवलेला समजावा. निसर्गात तो पांढराच असतो. भडक निळ्या-गुलाबी अकीकाच्या चकत्याही रंगाच्या पाण्यात बुडवलेल्या असतात. सुटे स्फटिक डिंकाने चिकटवून ‘गुच्छ’ बनवण्याची कला आपल्याकडे उत्तम विकसित झाली आहे. भिंगातून सांधा पाहावा. रोग बरे करणारा स्फटिक म्हणून कोणी काही विकत असेल तर या स्मरणिकेच्या वाचकांना मी काय सांगणार? माझ्या एका रुग्णाने मात्र इन्सुलिन सोडून गळ्यात स्फटिक घातला होता, आणि तो गळ्यात असतानाच त्याला कीटोअॅसिडोसिसमध्ये अतिदक्षता विभागात आणावे लागले.

अर्थात झिओलाइटने खरोखर प्राण वाचवले आहेत, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या स्फटिकात रेणूच्या मापाच्या खोल्या आणि दारे असतात. काही रेणू आत अडकतात, काही निसटतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सर्वांनी ज्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी रात्री-अपरात्री फोन केले, त्या यंत्राच्या पोटात कृत्रिम झिओलाइटचे खडेच असतात. दाबाखालील हवेतील नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. त्या दिवसांत मी कपाटातील स्टिल्बाइटकडे निराळ्या नजरेने पाहत असे. पण याच कुळात एरिओनाइट नावाचा एक तंतुमय भाऊ आहे. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागात काही खेड्यांची घरे ज्या ज्वालामुखीजन्य दगडाची बांधली होती, त्यात तो होता. १९७० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले की, त्या खेड्यांत मेसोथेलिओमाने माणसे भराभर मरत आहेत आणि तेथे अॅस्बेस्टॉसचा कारखाना कोठेच नाही. एरिओनाइट आज निश्चित कर्करोगजनक द्रव्यांच्या यादीत आहे. दगडाची धूळ फुप्फुसात गेली की दगडाची किंमत आणि सौंदर्य यांना काही अर्थ उरत नाही, हे मी वाचले होते. वाचले होते एवढेच.

आता आपल्या बाजूकडे वळतो. झिओलाइटचा मान महाराष्ट्राकडे असला तरी अकीकाचा मान निर्विवाद गुजरातकडे आहे. लाव्ह्याच्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साचून अकीक तयार झाला. खडक झिजल्यावर त्याच्या गाठी नद्यांनी वाहून नेल्या आणि भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात रतनपूरच्या टेकड्यांत, मातीमुरुमात त्या साचल्या. तेथेच बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या संताने अकीकाचा व्यापार वाढवला, अशी श्रद्धा सिद्दी समाजात आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी आपल्या राज्याची भूशास्त्रीय पाहणी करवून घेण्यासाठी रॉबर्ट ब्रूस फूट यांना बडोद्यास आणले. भारतातील पुराश्मयुगीन हत्यारे प्रथम ओळखणारे ते हेच फूट. ‘बडोदा राज्याचे भूशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण सयाजीबागेतील संग्रहालयात ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहून परततो. या राजाला पायाखालच्या दगडांचीही चौकशी होती, याची आठवण क्वचित होते.

रतनपूरचा कच्चा अकीक खंभातला जातो आणि गेली अनेक शतके जात आहे. लोथलच्या उत्खननात मणी बनवण्याची कार्यशाळा सापडली, आणि सिंधू संस्कृतीचे लांबट तांबडे मणी इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक खलाशाने लिहिलेल्या वृत्तांतात भरूच बंदरातून अकीक जात असल्याची नोंद आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह खंभातच्या कारागिरांजवळ बसून त्यांची पद्धत नोंदवली, कारण चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे तंत्र समजून घेण्यास तेच जिवंत पुस्तक होते.

ती पद्धत पाहण्यासारखी आहे. गाठी आधी उन्हात वाळवतात. मग मातीच्या भांड्यात, शेणाच्या मंद आचेवर भाजतात. पिवळट दगडातील लोहाचे रूप बदलते आणि तो तांबडा होतो. त्यानंतर कारागीर जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार लोखंडी गजावर दगड टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने वरून टिचकी मारल्यासारखा घाव घालतो. घाव वरून बसतो आणि कपचा खालून गजाकडून उडतो. ठोकळ आकार आला की तो घासावयाचा, भोक पाडावयाचे आणि चकाकी द्यावयाची. भोक पाडणाऱ्या सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कणी बसवलेल्या असतात. पूर्वी चकाकीसाठी मणी कातड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी दिवसचे दिवस एकमेकांकडे लोटीत असत. मग वीज आली, आणि घासण्यासाठी एमरीचे फिरते चाक आले. काम दसपट झाले. धूळही.

माझ्या कन्सल्टिंग रूमच्या टेबलावर बरीच वर्षे अकीकाची एक चकती असे. तळहाताएवढी, आत पांढऱ्या-राखाडी वलयांची वळणे आणि मध्ये स्फटिकांचे लहानसे बिळ. केसपेपर उडू नयेत म्हणून ती ठेवलेली. पंधराएक वर्षांपूर्वी एका सकाळी चाळिशीचा एक रुग्ण आला. खंभातकडचा. दम, खोकला, वजन घटलेले. सोबत एक्स-रेची जाडजूड पिशवी. क्षयाचे उपचार दोनदा पूर्ण झालेले. थुंकीच्या तपासण्या एक वगळता सर्व निगेटिव्ह. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत गाठी. मी फाइल चाळली आणि तिसऱ्यांदा क्षयाचेच औषध लिहिण्यास पेन उचलले. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे माझ्याच साहाय्यकाने लिहिले होते, ‘मजुरी’. मी त्याखाली काही विचारले नव्हते.

मी लिहीत असताना त्याने टेबलावरची चकती उचलली. उजेडाकडे धरली, फिरवली, कडेवरून अंगठा नेला. एका ठिकाणी अंगठा थांबला. ‘साहेब, आ तो अमारे खंभातनुं काम छे,’ तो म्हणाला. मग त्याने मला दाखवले की, चाकावर दगड थोडा तिरपा धरला गेला त्यामुळे तेथे कड किंचित दबली आहे. मी ती चकती दहा वर्षे हाताळीत होतो. मला ते कधी दिसले नव्हते. ‘तुम्हाला कसे कळले?’ असे मी विचारले तेव्हा तो थोडा हसला. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो तेच काम करीत होता. घराच्या ओसरीवर चाक, तोंडाला फडके, आणि संध्याकाळी भुवयाही पांढऱ्या.

मी पेन खाली ठेवले. एक्स-रे पुन्हा उजेडावर लावले. हायलममधील ग्रंथींच्या कडेने अंड्याच्या कवचासारखी चुन्याची रेघ होती. ती आधीच्या दोन फिल्मवरही होती. एम. डी. च्या परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी तो पूर्ण गुणांनी सोडवला होता. सिलिकोसिस. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. पाच मायक्रॉनहून बारीक कण वायुकोशांपर्यंत जातात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि स्वतः मरतात, आणि त्या युद्धभूमीवर तंतूंच्या गाठी वाढत जातात. धूळ थांबली तरी रोग थांबेलच असे नाही. यावर औषध नाही. वर सिलिकेच्या फुप्फुसात क्षय सहज रुजतो, त्यामुळे त्याला आधी एकदा क्षय खरोखरच झाला असावा. म्हणजे पूर्वीचे डॉक्टर चुकले असे मी म्हणू शकत नाही. मी मात्र चुकणार होतो, आणि मला वाचवले ते एका पेपरवेटने.

या विषयाबद्दल नंतर वाचले तेव्हा कळले की, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकापासून खंभातच्या अकीक कामगारांची तपासणी केली होती, रोगाचे प्रमाण नोंदवले होते, आणि चाकाजवळची धूळ खेचून घेणारी यंत्रणाही तयार केली होती. ती सर्व ओसऱ्यांपर्यंत पोचली नाही. दर मण्यामागे पैसे मिळतात, विजेचे बिल स्वतःचे, आणि चाक ज्याच्या घरात त्याच्या बायकामुलांच्या श्वासातही तीच धूळ. सिलिकोसिसची सक्तीने नोंद करावयाची, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात होते, २०२० च्या संहितेतही आहे. पण ओसरीला कारखाना कोण म्हणणार? कामगाराकडे हजेरीपुस्तक नाही, पगाराची पावती नाही, मालकाचे नाव नाही. डॉक्टरच्या हातचा कागद हाच त्याचा एकमेव पुरावा, आणि त्या कागदावर ‘मजुरी’ आणि ‘क्षय’ असे दोन शब्द असतील तर त्याच्या वारसांनी काय मागावे? आपल्या बडोद्यातीलच पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था या कामगारांसाठी अनेक वर्षे झटत आहे. आपल्या सभासदांपैकी किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे, असा प्रश्न मी एका सभेत विचारला होता. दोन हात वर आले.

गोध्रा तर आणखी जवळ. तेथील गारेची पूड करणाऱ्या गिरण्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर येत आणि गावी परतून मरत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि ते पैसे द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला. गार तीच, कोणी तिचा मणी करतो, कोणी पूड. श्रीमंत देशांनाही हे चुकलेले नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी गारेची पूड आणि रेझिन मिसळून बनवलेले कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुणांना ऑस्ट्रेलियात सिलिकोसिस होऊ लागला, आणि त्या देशाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यावरच बंदी घातली. आपल्या नव्या सोसायट्यांतील ओटे एकदा निरखून पाहावेत. दुकानदार कोरड्या कटरने ओट्यात सिंकचे भोक पाडीत असेल, तर निदान त्याला पाण्याची बादली तरी द्यावी.

मी अकीक घेणे सोडले का, असे आमच्या मुलीने विचारले होते. नाही. सोडून खंभातच्या घरात एक चूलही पेटणार नव्हती. अकीकाला आता भौगोलिक निर्देशांकाची मान्यता आहे, तो टिकावा असेच मला वाटते. परंतु आता दुकानातून घेत नाही. खंभातला जातो, ओले घासकाम किंवा धूळ खेचणारा पंखा जेथे आहे तेथे घेतो, आणि भाव करीत नाही. भाव न करणे हे आपल्या समाजात किती कठीण आहे, हे वाचकांना सांगावयास नको. पहिल्यांदा मी सौ.ला सोबत नेले नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याखाली आता तीन ओळी छापून घेतल्या आहेत : नेमके काम काय, किती वर्षे, त्याआधी काय. त्या भरण्यास दीड मिनिट लागते. त्यातून पुढे दोन दगडखाण कामगार, एक सँडब्लास्टिंगवाला आणि ओटे बसवणारा एक मुलगा सापडला. तो मुलगा तेवीस वर्षांचा होता.

तो रुग्ण साडेचार वर्षे माझ्याकडे येत राहिला. त्याचे निदान मी नीट लिहून दिले. चाक त्याने बंद केले. मुलगा रिक्षा चालवू लागला. दर वेळी तो कपाटाजवळ उभा राहून नवीन काय आले ते पाही. झिओलाइट त्याला फारसे पसंत नव्हते, कारण ‘यात हाताचे काम काही नाही.’ शेवटच्या भेटीत तो ऑक्सिजन लावून आला होता. त्याने रुमालात गुंडाळलेला एक लांबट तांबडा मणी माझ्या हाती दिला. चाक बंद करण्याआधी घासलेला, भोक अगदी मध्यावर.

तो मणी कपाटात कॅव्हनसाइटसाठी मी राखून ठेवलेल्या जागी आहे. नियमाप्रमाणे त्याच्यासोबत चिठ्ठी आहे : अकीक, तांबडा. रतनपूर, तालुका झगडिया. भाजणी व घडण खंभात. त्याखाली घासणाऱ्याचे नाव आहे; ते येथे देत नाही.